सी माझी, डी दादाची

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि चहा तोंडात असताना हसलात तर आमच्या सतरंजीचं वाटोळं होईल. आमची ही आधीच माझ्यावर खार खाऊन आहे.

तुमच्यापासून लपवून तरी काय उपयोग? निम्म्या कडेगाव तालुक्याला कळलंय, उरलेल्या निम्म्याला दादा सांगत हिंडतोय. मी आमच्या कॉम्प्युटरची पार वाट लावली. हो, मीच! गावच्या वाचनालयाचा सचिव, ज्याच्याकडं अर्धा गाव ऑनलाइन सातबारा काढायला येतो, तो मी.

नाही, नाही, मी अडाणी नाही. असं नुकसान अडाण्याला जमतच नाही. त्याला थोडी तरी अक्कल लागते.

मुळापासून सांगतो. आम्ही दोघे भाऊ. थोरला दादा, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेला. धाकटा मी, ऊस लावणारा आणि कुणी विचारो न विचारो, सल्ले देणारा. आबा गेल्यावर आमची वाटणी झाली. भांडणतंटा काही नव्हता, पण मामा येऊन मधे बसल्याशिवाय आमच्याकडं वाटणी होत नाही, म्हणून रहिमतपूरहून मामा आले. रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे घालताना थोरला लबाडी करत नाही. चांगला तुकडा धाकटा पळवणार, हे त्याला पक्कं माहीत असतं.

रान वाटलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटल्या. तांब्यापितळेची भांडी वाटली, पाटा एकाला गेला, वरवंटा दुसऱ्याला गेला. शेवटी घराच्या पुढच्या सोप्यात राहिला कॉम्प्युटर, पोरांच्या शिक्षणासाठी दोघांनी मिळून सांगलीहून आणलेला.

आता हा कसा कापायचा?

मामा म्हणाले, "एकानं डबा घ्या, एकानं टीव्ही घ्या."

टीव्ही म्हणजे मॉनिटर. दादा म्हणाला, "मामा, तसं चालत न्हाई ते. पर ह्याच्या पोटात दोन खोल्या हायत्या. एक सी, एक डी."

"मग झालं की गड्या!" मामांनी मांडीवर थाप मारली. "एक खोली ह्याची, एक त्याची. डबा ऱ्हाऊ दे सोप्यातच. दोघांनी बी वापरायचा. हाय काय नि न्हाई काय!"

मी धाकटा, उचलायचा मान माझा. मी सी उचलली. का? तर कॉम्प्युटर उघडला की आधी सी दिसते, मग डी. रस्त्याकडेचं रान आणि आडबाजूचं रान समोर असेल तर शहाणा माणूस कुठलं घेईल? तुम्हीच सांगा! मी मिशीवरून हात फिरवला. दादानं डी घेतली. फौजी माणूस आहे, जो मोर्चा देतील तो सांभाळतो.

पुढं मला कळलं की विंडोज नावाचं जे काय प्रकरण असतं ते सगळं सीमधेच असतं. म्हणजे सरकारी रस्ता नेमका माझ्या वाटणीतून गेलेला! आणि रस्ता तरी गुमान पडून राहील का? नाव नको. दर महिन्या-दोन महिन्याला तो रुंद होतो. त्याला म्हणतात अपडेट. नोटीस नाही, पंचनामा नाही, भरपाई नाही. माझं रान मात्र आक्रसत चाललेलं. आणि पलीकडं दादाची डी कशी? ओढ्याकाठी म्हैस बसावी तशी ऐसपैस.

माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

त्यात रानातल्या बांधावरूनही आमची कुरबुर चालूच होती. तुम्हाला माहीत आहे, बांध ही वस्तू दर नांगरटीला वीतभर सरकते आणि कुणी सरकवली हे कुणालाच ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं. फक्त मला ठाऊक असलेलं नाव दादाचं होतं आणि त्याला ठाऊक असलेलं माझं.

असो. आता त्या दिवसाकडं येऊ.

दादाची मुलगी सई. सांगलीला आर्किटेक्चर शिकली. घरं, इमारती यांचे नकाशे काढते. पोरगी गुणाची आहे, आणि दादाची असली तरी माझी आहे. लहान असताना बैलगाड्यांच्या शर्यती बघायला माझ्याच खांद्यावर बसून यायची आणि गाडा सुटला की माझेच केस ओढायची. आज डोक्यावर जे काही उरलेलं नाही, त्याचं श्रेय तिला आहे.

तर सईचा पुण्याच्या एका मोठ्या ऑफिसात इंटरव्ह्यू होता. म्हणजे घरबसल्या, कॉम्प्युटरवरच. ते तिकडून बघणार, ही इकडून आपले नकाशे दाखवत बोलणार. वेळ दुपारची. तिनं म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला येणाऱ्या लोकांसाठी धर्मशाळेचा नकाशा काढला होता. वर्षभर खपली होती त्याच्यावर. दादानं तर घरामागच्या परड्यातल्या म्हशीलासुद्धा सांगून ठेवलं होतं की आज ओरडायचं नाही.

सकाळी सईनं कॉम्प्युटर लावला आणि मला हाक मारली.

"काका, जरा या की हिकडं. सी लाल झालीय."

बघतो तर काय, सीची पट्टी लालभडक! काठोकाठ भरलेली. इंटरव्ह्यूचं ते काय सॉफ्टवेअर असतं, ते उतरायलाच तयार नाही. माउस हलवला की बाण दोन मिनिटांनी हलायचा, सासुरवाडीला निघालेल्या जावयासारखा सावकाश.

"काका, सी तुमची हाय म्हणून इचारते. त्यातलं थोडं मोकळं करा की. तुमचे त्ये सुविचार हायती, शर्यतीचे व्हिडिओ हायती…"

आता इथं माझं डोकं फिरलं. माझे सुविचार? रोज सकाळी व्हॉट्सअपवर जे सुविचार येतात, सूर्य, कमळ आणि खाली चार ओळी, ते मी सगळे एका फोल्डरमधे जपून ठेवलेत. उद्या वाचनालयाच्या फळ्यावर लिहायला लागतील म्हणून. आजवर एकही लिहिलेला नाही, पण लागले तर?

मी म्हणालो, "माझं आधी का? आधी बघूया माझ्या रानात दुसऱ्या कुणाची जनावरं चरत्यात!"

आणि उघडलं डाउनलोड्स. बघतो तर दादाच्या पलटणीच्या स्नेहमेळाव्याचा अख्खा व्हिडिओ! त्यात तो तासभर नुसता जेवतोय. मेजरसाहेबांच्या नातवाचं बारसं, दोन वेळा. दादाचे पाठदुखीचे व्यायाम. सगळं माझ्या सीमधे!

"दादाऽऽ!"

दादा दाढी अर्धी करून तसाच आला. एका गालाला फेस. "क्या हुआ?"

"ह्ये काय हाय? माझ्या वाटणीत तुझं सामान?"

"आरं, मी कुटं ठेवलंय? मी नुसतं बटन दाबतो, ते आपसूक तितं पडतंय."

"आपसूक! तुझी शेरडं बी माझ्या रानात आपसूकच येत्यात!"

"शेरडांचं नाव घिऊ नकोस बाळ्या. तुझ्या कोंबड्या माझ्या परड्यात अंडी घालत्यात, त्याचं काय?"

"मग ती अंडी कोण खातंय?"

"पप्पा! काका!" सईनं दोघांच्या मधे पट्टी उभी केली. नकाशा काढायची, लांबलचक. "भांडू नका. पप्पांनी थोडं उडवायचं, काकांनी थोडं उडवायचं. मला जागा पायजे, बास."

दादा म्हणाला, "पलटणीचा व्हिडिओ उडवायचा न्हाई. त्यातली निम्मी माणसं आता ऱ्हायली न्हाईत."

मी म्हणालो, "शर्यती उडवायच्या न्हाईत. त्यातले निम्मे बैल आता ऱ्हायले न्हाईत."

सईनं कपाळाला हात लावला. "मी केस धुऊन येते. तवर दोघं मिळून काय ते ठरवा. काका, माझी नोकरी ह्याच्यावर हाय. तेवढं ध्यानात ठेवा." आणि गेली.

दादानंही घड्याळ बघितलं. "मी वायरमनकडं जाऊन बसतो. ऐन टायमाला त्यानं लाइट घालवली तर? इंटरव्ह्यू संपंस्तवर त्याला जाग्यावरनं हलू देत न्हाई." फेस पुसला, कानटोपी घातली आणि मोटारसायकलवरून निघूनही गेला. वायरमनची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. सुभेदार शेजारी बसलाय, आणि नुसता बघतोय.

म्हणजे उरलो कोण? मी आणि कॉम्प्युटर. आणि स्वयंपाकघराच्या दारात आमची ही, लसूण सोलत.

मी विचार केला, जागा करायची तर आपलं कशाला उडवा? दादाची डी निम्मी मोकळी पडलीय. दोन्ही एकाच डब्यात. मग डीमधली थोडी सीला जोडली तर? फोनवर व्हिडिओ शोधला. एक हिंदी बोलणारा मनुष्य सापडला, फार आत्मविश्वासाचा. तो म्हणाला, इथं दाबा, तिथं दाबा, आणि माझ्यासमोर एक चित्र उघडलं.

अहो, काय सांगू! साक्षात गटनकाशा! आमच्या गावाचा असतो तसाच. एक लांब पट्टा, त्यात तुकडे पाडलेले. हा सी, हा डी, मधे बांध. इतकी वर्षं कॉम्प्युटर वापरतोय, पण पहिल्यांदा मला तो आतून कळला. अरे, ही तर आपली शेतीच! इथं मला कोण शिकवणार?

मी हिला हाक मारली. "ह्ये बघ. ह्ये माझं रान, ह्ये दादाचं."

ती लांबूनच म्हणाली, "आवं, नको त्या उचापती करू नका. पोरीचा आजचा दिवस हाय."

"पोरीसाठीच करतोय!"

आणि खरंच सांगतो, त्या क्षणी मी पोरीसाठीच करत होतो. थोडासा स्वतःसाठी.

तर आधी मी डी थोडी आखडून घेतली. व्हिडिओतला मनुष्य म्हणाला होता तसंच. झालं! मोकळी जागा निघाली, काळी पट्टी. मी खूश. पण बघतो तर ती जागा निघाली कुठं? डीच्या पलीकडच्या टोकाला! माझ्या बांधाला लागून नाही. पार तिकडं, ओढ्याच्या बाजूला.

म्हणजे मधे दादा उभाच!

सीवर जाऊन वाढवायचं बटण शोधलं तर ते करडं पडलेलं, दाबलं जाईना. बरोबरच आहे. भावाच्या रानापलीकडचा तुकडा तुम्हाला मिळाला, तर तो तुमच्या रानाला कसा जोडणार? उचलून आणणार? तुम्हाला सांगतो, मला कॉम्प्युटरचा राग आला नाही, दादाचा आला. जागा सोडली ती पण मला उपयोग होणार नाही अशा बाजूला! बघा, कसा आहे! आता दादा त्या वेळी वायरमनशेजारी बसला होता हे खरं, पण राग आला त्याला काय करू?

मग माझ्या डोक्यात आला तो विचार, ज्याच्यामुळं आज मी तुम्हाला चहा पाजून ही गोष्ट सांगतोय.

ऊसतोडीच्या वेळी आम्ही काय करतो? आतल्या रानातला ऊस बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर-ट्रॉली मधल्या रानातून न्यावी लागते. मग बांध फोडतो. ट्रॉली गेली की पुन्हा बांध घालतो. त्यानं ऊस कुठं जातो का? रान कुठं जातं का? बांध गेला म्हणून शेजारचं उभं पीक कधी नाहीसं झालेलं तुम्ही ऐकलंय? नाही ना?

मग तेच इथं. डीचा बांध घटकाभर काढायचा, सीला जागा जोडायची, पुन्हा बांध घालायचा. दादाचं पीक आपलं आपल्या जागी उभं.

डीवर गेलो. बटण सापडलं. दाबलं.

एक पाटी आली. इंग्रजीत. सगळं जाईल, परत येणार नाही, आधी जपून ठेवा, तुम्हाला खात्री आहे का, वगैरे. मला वाचता येतं हो! वाचलं मी. पण असल्या पाट्या आपण काय कमी बघितल्यात? तलाठ्याच्या ऑफिसात भिंतभर ताकिदी लावलेल्या असतात. एकीनं तरी कुणाचं काही केलंय? मला वाटलं, कंपनी आपली अंग काढून घेतेय.

मी 'यस' दाबलं.

आवाज नाही, धूर नाही, काही नाही. डीची निळी पट्टी होती, ती काळी झाली. मी सीवर गेलो, आता बटण कसं चकाचक! दाबलं, आणि सी वाढली! लाल पट्टी निळी झाली! बाण जो पळायला लागला, काय विचारू नका, शर्यतीतला खोंड! मी खुर्चीतच बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली.

"झालं! आता दादाचा बांध परत घालतो."

उरलेल्या जागेवर नवी डी केली. तिला नाव दिलं, 'दादा'. प्रेमानं. मग सहज उघडून बघितली.

आत लिहिलं होतं, हे फोल्डर रिकामं आहे.

मी बंद केली, पुन्हा उघडली. रिकामं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रिकामं. कचऱ्याच्या बादलीत बघितलं, तिथं वाचनालयाच्या बोर्डाखाली काढलेला माझा फोटो होता, तेवढाच. मग कंट्रोल दाबून झेड दाबलं. मग नुसतं झेड दाबलं. मग हात जोडले.

ही दारात आली. "काय झालं? घाम का फुटलाय?"

"पीक गेलं," मी म्हणालो.

"कसलं पीक?"

"दादाचं. समदं. भुई नुस्ती राहिलीय."

आणि मग माझ्या डोक्यात उजाडलं. डी दादाची. सई दादाची. मग सईचे नकाशे कुठं असणार? डीतच की! दुसरीकडं कुठं असणार? वर्षभराची धर्मशाळा, खोल्या, ओटे, पाण्याच्या टाक्या, सगळी मी दहा सेकंदांत जमीनदोस्त केली होती. भूकंपालासुद्धा एवढं जमत नाही.

आता हसू नका. ज्या पोरीला खांद्यावर घेऊन हिंडलो, तिच्या आयुष्यावर मी नांगर फिरवला होता. आणि कशासाठी? तर दोन बैलांचे व्हिडिओ आणि कमळावरचे सुविचार जपावेत म्हणून. मला माझीच एवढी लाज वाटली की मी खुर्चीवरून उठून खाली जमिनीवर बसलो.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. दादा आला. "लाइटची गॅरंटी आणली! वायरमनला सईच्या मावशीच्या घरी जेवायला बसवून आलोय. हलणार न्हाई आता तो!" आणि माझ्याकडं बघून थबकला. "खाली का बसलायस रं?"

मागोमाग सई आली. डोक्याला पंचा गुंडाळलेला, नवा ड्रेस. "काका, झालं का?"

मी काय केलं असेल? खरं सांगून टाकलं? छे! मी म्हणालो, "सई, बाळ, आज अमावस्या हाय. चांगल्या कामाला बरी न्हाई. त्यांना फोन कर, परवावर ढकल."

"आवं काका, पुण्याची माणसं हायती ती. त्यास्नी कसली अमावस्या!"

"मग तुझ्या चुलतीला ताप आलाय म्हणून सांग."

"मला कशाला ताप!" ही आतून ओरडली. "दादा, ह्यांनी डी बुडवली! इचारा त्यास्नी!"

नवऱ्याला असा आधार देणारी बायको लाखात एक मिळते.

दादा पुढं आला. "काय केलंस?"

"बांध काढला," मी म्हणालो. "ट्रॉलीपुरता. पुन्हा घातला, पर… पीक गेलं, दादा."

"आरं, नीट बोल!"

"डी गेली. तुझी समदी. सईचे नकाशे बी."

दादाच्या मानेची शीर फुगली. मला वाटलं, आता मार खातो. आणि खरं सांगू? मला तो मार हवाच होता. पण दादा मटकन माझ्याशेजारी जमिनीवरच बसला.

"पोरीचं वरीस गेलं रं, बाळ्या," एवढंच म्हणाला.

त्यापेक्षा त्यानं लाथ घातली असती तर बरं झालं असतं.

सई आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं पंचा सोडला, खुर्चीवर बसली, माउस हलवला. "व्हय की. लय पळतंय आता," ती म्हणाली. मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं सी उघडली. माझे फोल्डर. 'बाळासाहेब सुविचार'. त्याच्यात आत, अगदी तळाला, अजून एक फोल्डर. त्यावर टिचकी मारली.

आणि पडद्यावर धर्मशाळा उभी राहिली. ओटे, खोल्या, टाक्या. एक वीट हललेली नव्हती.

मी उठून उभा राहिलो. "ह्ये… ह्ये माझ्या सुविचारात कसं?"

"मीच ठेवलंय. पयल्यापासनं."

"आणि तुझ्या पप्पाची डी?"

"काका," सई अगदी शांतपणे म्हणाली, माझ्याकडं न बघता, सॉफ्टवेअर उतरवत, "तुमी एक ना एक दिवस पप्पांच्या वाटणीवर नांगर घालणार, ह्ये मला ठाव व्हतं. आपल्या वाटणीतली काडी बी तुमी हलू देत न्हाई. आणि सुविचार तुमी उघडत न्हाई, नि उडवा म्हणलं तरी उडवत न्हाई, सकाळीच बघितलं की. ह्याच्यापरीस सुरक्षित जागा मला अख्ख्या घरात कुटं गावणार?"

दादा जमिनीवर बसल्या बसल्या जो हसायला लागला! हसत हसत आडवाच झाला. ही लसूण टाकून भिंतीला टेकली. मी मात्र तिथंच उभा. आता हिच्यावर रागवावं तर कुठल्या तोंडानं? पोरगी मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, आणि जे ओळखलं होतं ते बरोबर होतं.

"आता दोघं बी बाहेर," सई म्हणाली. "नि दार लावून घ्या."

आम्ही दोघे बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. आतून सईचं इंग्रजी ऐकू येत होतं, मधेच "सिद्धनाथ" आणि "म्हसवड" असे शब्द. कळत काही नव्हतं, पण पोरगी अडखळत नव्हती. दादा पुटपुटत कसलं तरी स्तोत्र म्हणत होता. म्हैस दिलेल्या शब्दाला जागली. लाइट एकदाही गेली नाही.

मी मान खाली घालून म्हणालो, "दादा, माफ कर. सईचं वाचलं, पर तुझं तर गेलंच की. काय काय व्हतं डीमधे?"

"माझं?" दादानं डोळे मिचकावले. "माझं काय न्हवतं तितं."

"म्हंजे?"

"आरं, मला ती डी उघडायची कशी ह्येच ठाव न्हाई. मी बटन दाबतो, ते तुझ्याकडं पडतंय. वाटणी झाल्यापासनं मी तिकडं फिरकलोच न्हाई."

"एकदा बी?"

"एकदा बी न्हाई. पर मला येक सांग, सई म्हणायची डी निम्मी भरल्याली हाय. मी तर काय ठेवलं न्हाई. मग व्हतं काय त्यात?"

मी उत्तर देणार होतो. तोंडसुद्धा उघडलं होतं. आणि तेवढ्यात मला आठवलं, त्यात काय होतं ते.

आता तुम्ही माझे म्हणून सांगतो. सी लाल व्हायला लागल्यापासून मी एक सोय करून ठेवली होती. माझं जे जड सामान असायचं ते गुपचूप दादाच्या डीमधे नेऊन ठेवायचं. तो कुठं बघतोय! आत दादाचं काय आहे हे मीही कधी बघितलं नाही, नुसतं टाकायचं आणि पळायचं. आणि सामान कसलं? दादानं रानातला बांध माझ्याकडं किती सरकवला, त्याचे फोटो. दर नांगरटीचे. व्हिडिओ, टेप लावून मोजलेले. मोजणीदार येईल तेव्हा त्याच्या तोंडावर मारायला जमवलेला सगळा पुरावा. दादाविरुद्धचा पुरावा, दादाच्याच घरात लपवलेला. त्याच्याइतकी सुरक्षित जागा मला तरी कुठं सापडणार होती?

सगळा गेला. मीच 'यस' दाबलं होतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि सई बाहेर आली. चेहरा असा फुललेला की विचारायचीच गरज नव्हती. "पप्पा, काका! धर्मशाळा लय आवडली त्यास्नी! पुण्याला बोलावलंय!"

दादानं तिला जवळ घेतलं. मग दुसऱ्या हातानं मलाही ओढलं, आणि फौजी माणूस, डोळे पुसत म्हणाला, "तुझ्यामुळं झालं रं, बाळ्या. तू जागा केलीस म्हणून मशीन पळालं. माझी डी गेली तर जाऊ दे, पोरीपुढं ती काय! आरं, पर तुझं काय न्हाई ना गेलं त्यात?"

"छे रे दादा," मी म्हणालो. "तुझ्या वाटणीत माझं काय असणार?"